सूचक : श्री. महाराजा

परशुराम घाडी हा माणूस पोटात गोष्ट ठेवायला एकदम पक्का. अडचण पोटाची नव्हती, तोंडाची होती. कुणाचं नाव मेला तरी त्याच्या तोंडून जायचं नाही. पण कोण काय म्हणालं ते सांगायला बसला, की त्याचा आवाज, त्याचे हात, त्याच्या भुवया, सगळं त्या माणसासारखं व्हायचं. तो मुद्दाम करत नसे. त्याला कळतही नसे.

शाळेत असताना मास्तरांनी विचारलं होतं, फळ्यावर माझं चित्र कुणी काढलं. परशुराम उभा राहिला आणि इमानदारीत म्हणाला, "नाव सांगूचंय नाय. पण तो म्हणालो, मास्तरांचा नाक जरा मोठा काढूया." हे शेवटचं वाक्य त्याने असं काही नाकातून काढलं, की मास्तरांनी पुढे काही न विचारता महादूच्या पाठीत धपाटा घातला. महादूचं नाक बारा महिने चोंदलेलं असे. या गोष्टीला तीस वर्षं झाली तरी महादू अजून परशुरामाच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूला बघतो.

पुढे दशावतारात स्त्रीपार्ट करायला गेला. दिसायला नाजूक, हातवारे गोड, सगळं जमून आलं होतं. पण दशावतारात संवाद लिहिलेले कुठे असतात? ज्याने त्याने आपल्या मनाचे बोलायचे. एकदा भर सभेत द्रौपदी बोलता बोलता अशी खोकली, की पहिल्या रांगेत बसलेले गावचे दमेकरी खोत दचकून स्वतःची छाती चाचपायला लागले. कंपनीच्या मालकाने परशुरामाचा पेटारा बांधून दिला. तेव्हा परशुराम भेंडवाडीला परत आला आणि ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागला. वडील गेल्यावर रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा घाड्यांचा मानही त्याच्याकडे आला. एकूण काय, सकाळी सरकारची नोटीस वाटायची आणि सणावारी देवाला गावाची नोटीस द्यायची, असा त्याचा संसार चालला होता.

तो सुखाने चालला असता. पण चौऱ्याऐंशी साली वरून एक परिपत्रक आलं. लोकांनी न घाबरता बोलावं म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने तक्रारपेटी लावावी, नाव लिहायची सक्ती नाही. भेंडवाडीने पेटी लावली. तीन महिन्यांनी ग्रामसभेत ती उघडली तेव्हा आत एसटीची चार तिकिटं, पालीचं एक अंडं आणि एकच अर्ज निघाला. 'एक त्रस्त ग्रामस्थ' म्हणत होता, की शाळेमागची मोरी फुटली आहे. सभेने त्यावर दोन तास वाद घातला, एकाने तर रागाने सभात्यागही केला आणि शेवटी मोरी दुरुस्त करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी गवंडी मोरी शोधायला गेला. शाळेमागे मोरीच नव्हती. अर्ज शेजारच्या गावातल्या माणसाचा होता. एसटीची वाट बघताना त्याला पेटी दिसली आणि त्याने आपलं दुःख तिच्यात टाकलं.

ग्रामसेवक सांगलीकडचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी डोकं धरलं. "नाव नको, हे ठीक," ते म्हणाले, "पण माणूस गावातला हाय का न्हाई, एवढं तर कळाय पायजे? आन् लिहून दिलं तर अक्षर वळखतात लोकं." बराच विचार करून त्यांनी तोड काढली. गावात प्रत्येक उंबऱ्याला नोटीस द्यायला जाणारा, तान्ह्या पोरापासून सगळ्यांना तोंडाने ओळखणारा माणूस एकच. ज्याला बोलायचं त्याने परशुरामाच्या कानात सांगावं. परशुरामाने माणूस गावचा आहे एवढी खात्री करावी आणि सभेत फक्त म्हणणं मांडावं. परशुरामाने रवळनाथापुढे नारळ ठेवून शपथ घेतली, की मान कापली तरी नाव घेणार नाही.

आता बघा, सगळा गाव परशुरामाला जन्मापासून ओळखत होता. पण नाव घेणार नाही म्हटल्यावर बाकीचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माणसं नावालाच घाबरतात.

पहिली सभा देवळाच्या सभामंडपात भरली, कारण पंचायतीच्या खोलीत भाऊसाहेब आणि कपाट एवढेच मावत. परशुराम उभा राहिला. "एका ग्रामस्थाचा म्हणणा असा आसा," त्याने सुरुवात केली, आणि कानाची पाळी ओढत म्हणाला, "साकवाच्यो दोन फळयो गेल्यो, समाजलास? कोणतरी व्हाळात पडतलो, समाजलास?" ओढ्यावरच्या लाकडी पुलाचं राहिलं बाजूला, सभा सगळी मागे वळून हाफिजकडे बघायला लागली. एसटी स्टॉपवर दुकान चालवणारा हाफिज हात कानाला नेऊन तसाच थबकला होता.

दुसरं म्हणणं रेशन दुकानाबद्दल होतं. तांदळात खडे फार. परशुरामाने कमरेवर हात ठेवले, मान वाकडी केली आणि असा काही बारीक चिरका सूर लावला, की रेशन दुकानदार तिथेच म्हणाला, "काशीबाय, माझ्या तोंडार सांगूक काय झाला तुका?" काशीबाईला पुढचे दोन महिने रॉकेल मिळालं नाही. दर खेपेला तिच्याच नंबरापाशी ते संपायचं.

परशुरामाला मात्र कळेना, आपण नाव तर घेतलं नाही. "तुमी नाव घेतल्यात नाय," त्याची बायको कावेरी शांतपणे म्हणाली, "माणूसच हाडलात आणि उभो केलात." मग त्याला कळलं, आणि इतकी लाज वाटली, की तो काशीबाईकडे आपल्या घरातलं रॉकेल घेऊन गेला. तिने रॉकेल ठेवून घेतलं आणि दार लावलं. त्यानंतर त्याच्या कानाशी कुणी आलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला गावात सरकारी हातपंप आला. पाणी कुठे लागतं ते बघायला आलेल्या माणसाला सरपंच गुरुदास आंगचेकरांच्या अंगणातच पाणी लागलं. त्याला आदल्या दिवशी आंगचेकरांकडे सुरमईचं जेवण होतं, तेवढी गोष्ट सोडून द्या. पंप बसला, सरपंचांच्या गडग्याच्या आत. हा अंगणाभोवतीचा चिऱ्याचा गडगा कमरेएवढा उंच, त्याला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. सरपंच दुपारी भरपेट जेवून एक ते चार झोपत आणि पंप हापसला की 'कुंय कुंय' असा जीव घेतल्यासारखा आवाज करी. म्हणून एक ते चार फाटक बंद. वैशाख लागला, विहिरी तळाला गेल्या आणि बायका हंडे-कळश्या घेऊन उन्हात गडग्याला टेकून उभ्या राहायला लागल्या. बोलत कुणीच नव्हतं. सरपंचांच्या सहीशिवाय गावात कुणाचा दाखलाही निघत नसे.

मे महिन्यातल्या सभेची नोटीस सहीसाठी घेऊन परशुराम आंगचेकरांकडे गेला, तेव्हा सरपंच घरात नव्हते. त्यांची बायको राधाबाई पडवीत तांदूळ पाखडत होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"परशुराम, माझा एक गाऱ्हाणा आसा. सभेत घाल. पण नाव नको."

परशुरामाला काशीबाईचं लावलेलं दार आठवलं. पण काम ते काम. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "वहिनी, तुमी गावच्योच मा?"

"लगीन होवन पंचवीस वर्सा झाली," राधाबाई म्हणाली. "आणखी किती गावची होव?" मग ती अगदी हळू बोलायला लागली. पदराच्या टोकाला पुन्हा पुन्हा हात पुसत होती. "फाटकाक कुलूप घालूचा काम माझा. बायका उन्हात उभ्यो, आणि मी आतसून सांगतंय, चार वाजता येवा. ता बरां दिसता काय? पाणी सरकारचा आणि नाय म्हणणारा तोंड माझा. माका त्येंच्या डोळ्यांत बघूक होणा नाय. तो गडगो चार हात आत घेवक व्हयो. पंप आपसूक भायर जायत. पण मी सांगलंय असा ह्यांका कळला, तर माका ह्या घरात रवाक मेळाचा नाय."

परशुराम मान हलवून निघाला. रस्ताभर त्याला एकच धास्ती. नाव तर जाणार नव्हतं. पण तोंड उघडल्यावर आतून राधाबाईच बाहेर येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. या वेळी रॉकेलवर भागणार नव्हतं. एका बाईचा संसार त्याच्या जिभेवर येऊन बसला होता.

त्याच संध्याकाळी एक चमत्कारिक प्रकार झाला. जेवता जेवता कावेरीने त्याच्याकडे टक लावून बघितलं, उठून कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुमका गालगुंडां झाली."

"माका काय झाला नाय गो."

"तुमका कळता काय? गप रवा." तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याच्या हनुवटीखालून डोक्यावर अशी करकचून बांधली, की जेवणसुद्धा कोपऱ्यातून ढकलावं लागे. आठ दिवस त्याला घराबाहेर सोडलं नाही. गाव खिडकीशी येऊन बघून गेला. हाफिजने कुठलासा लेप पाठवला. महादूही आला, रस्त्याच्या याच बाजूने, आणि त्याचं बांधलेलं तोंड बघून तीस वर्षांनी पहिल्यांदा समाधानाने हसला. परशुराम दोन्ही गाल चाचपून थकला. सूज काही हाताला लागेना. पण कावेरीपुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं.

सभेच्या दिवशी दुपारी तिने पट्टी सोडली. तो देवळात जायला निघाला तसं तिने विचारलं, "सभेत आज काय सांगूचा आसा ता आसा मा?"

"आसा. पण कसा सांगू ता कळणा नाय."

"तुमी देवळात गाऱ्हाणा घालतास, तेवा आवाज कोणाचो येता?"

"माझो."

"तुमचो नाय," कावेरी म्हणाली. "मामांचो." सासऱ्यांना ती मामा म्हणे. परशुराम उंबऱ्यावरच उभा राहिला. खरंच की. गाऱ्हाणं त्याने बापाच्या तोंडून ऐकलं होतं, बापाच्याच आवाजात घालत होता. बाप जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याचं आता कोण काय वाकडं करणार? परशुरामाला एकदम बापाची फार आठवण आली आणि त्याने कावेरीला दिसू नये म्हणून चप्पल शोधायचं निमित्त केलं.

सभामंडप भरला होता. भाऊसाहेब कार्यवृत्ताचं रजिस्टर उघडून बसले. विषय क्रमांक तीन, ग्रामस्थांचं निनावी म्हणणं. परशुराम उठला. पण सभेकडे तोंड न करता तो देवाकडे वळला, हात जोडले आणि डोळे मिटून बापाचा खर्जातला सूर लावला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा. आज ह्यो समस्त भेंडवाडी गाव तुझ्या पायाकडे एक होवन बसलेलो आसा रे म्हाराजा."

हा सूर कानावर पडला की भेंडवाडीच्या माणसाचं डोकं चालत नाही, तोंड चालतं. टोप्या उतरल्या, डोळे मिटले आणि सगळ्या सभेने एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"वैशाखाचा ऊन पडलेला आसा. विहिरी आटलेल्यो आसत."

"व्हय म्हाराजा."

"सरकारान धाडलेलो पंप आमच्या सरपंचान आपल्या गडग्याच्या आत घातलेलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"आणि दुपारची झोप मोडता म्हणान फाटकाक कुलूप घातलेला आसा."

"व्हय म्हाराजा." यात सगळ्यात मोठा आवाज सरपंच गुरुदास आंगचेकरांचा होता. पहिल्या रांगेत बसून, टोपी मांडीवर ठेवून, डोळे गच्च मिटून ते मनापासून देवाला होकार देत होते.

"तर येत्या अवसेच्या आत तो गडगो चार हात मागे घेवची बुद्धी त्येका दी, आणि तुझ्या लेकरांक पाणी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

परशुराम खाली बसला. टोप्या पुन्हा डोक्यावर गेल्या. मग सरपंचांचा एक डोळा उघडला. मग दुसरा. भाऊसाहेब सांगलीचे; त्यांना या सुराची सवय नव्हती, त्यामुळे त्यांची शुद्ध शाबूत होती आणि लेखणी चालूच होती. "ठराव एकमतानं मंजूर," त्यांनी वाचून दाखवलं. "सरपंचांनी सोता पाठिंबा दिला. सूचक कोण म्हणून लिहू?"

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हाराजा."

भाऊसाहेबांनी लिहिलं: सूचक, श्री. महाराजा, राहणार भेंडवाडी. अनुमोदक, समस्त ग्रामस्थ. आणि सहीसाठी रजिस्टर सरपंचांपुढे केलं. सबंध गाव बघत होता. देवापुढे दिलेला होकार सरपंचांना देवापुढेच गिळता येईना. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता परशुरामाला आंगचेकरांच्या घरी बोलावणं आलं. सरपंच जागे होते, यावरूनच काय ते समजायचं. पोटावरून हात फिरवत ते झोपाळ्यावर बसले होते.

"म्हणजे काय, की," ते म्हणाले. त्यांचं बोलणं सहसा इथूनच सुरू होई. "गावातला कोण बोलला, त्येचा नाव व्हया माका."

"नाव सांगूचंय नाय. नारळ ठेवलंय."

"नोकरी जायत, परशा."

घरात खाणारी तोंडं सहा होती. "जांव दी," तो म्हणाला.

सरपंच गालात हसले. ते काही मूर्ख नव्हते, फक्त झोपाळू होते. "बरां. नाव नको सांगू. शपथ मोडू नको. म्हणजे काय, की, तो माणूस तुका काय म्हणालो, तेवढाच माका जसाच्या तसा सांग."

त्याच वेळी राधाबाई चहाचे कप घेऊन माजघराच्या दारात आली होती. तिने ते ऐकलं आणि ती तिथेच थांबली.

परशुरामाला कळलं, आपण सापडलो. त्याचा उजवा हात आपोआप खांद्याकडे निघाला, नसलेला पदर शोधायला. त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला. घशात राधाबाईचा बारीक आवाज येऊन उभा राहिला होता. त्याने मनातल्या मनात बापाला हाक मारली. पण देवळाबाहेर बाप काही येईना. आता दुसरा कुठला तरी आवाज पाहिजे होता, लगेच, आणि समोर एकच माणूस होता. परशुरामाने त्या माणसावर डोळे रोखले. त्याचं पोट बघितलं, हात बघितला, खाली लोंबणारा ओठ बघितला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक आवाज स्वतःहून निवडला. मग त्याने पोटावरून हात फिरवला.

"म्हणजे काय, की," परशुराम भरदार आवाजात म्हणाला, "मी दुपारचो गार सावलेत झोपतंय. बायका उन्हात हंडे घेवन उभ्यो रवतत. म्हणजे काय, की, पाणी सरकारचा, झोप माझी. ता बरां दिसता काय?"

झोपाळा थांबला. आपलाच आवाज समोरून ऐकायची सरपंचांना सवय नव्हती. त्यांनी पोटावरचा हात काढून मांडीवर ठेवला. शेवटचे ते चार शब्द मात्र परशुरामाला कुणाचे ते लपवता आले नव्हते, आणि सरपंचांनी ते चार शब्द पंचवीस वर्षं रोज ऐकले असणार. ते किती तरी वेळ फाटकाकडे बघत बसले. दाराकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

"चाय दी गो त्येका," शेवटी ते म्हणाले. "ऊन खूप आसा."

अमावास्येच्या आधी तीन दिवस गडगा चार हात मागे आला. पंप बाहेर राहिला. भर दुपारी दोन वाजता कुंय कुंय सुरू झालं ते पुन्हा थांबलं नाही. राधाबाईने फाटकाचं कुलूप विहिरीत टाकलं म्हणतात. खरं-खोटं विहिरीला माहीत.

त्यानंतर माणसं परशुरामाच्या कानाशी पुन्हा यायला लागली. काशीबाई तर एका दिवसात तीनदा आली, प्रत्येक वेळी पदर तोंडावर ओढून, वेगळीच कुणी असल्यासारखी, आणि तिन्ही वेळा त्याने 'काशीबाय, ऐकलंय' म्हणत तिला तिच्या नावानेच परत पाठवली. दिवाळीनंतरच्या सभेच्या आधी मात्र देवळामागे एक भारदस्त ग्रामस्थ त्याला गाठायला आला. इकडेतिकडे बघत कानाशी वाकला आणि पुटपुटला, "पंपाक तेल घालूक व्हया. दुपारची झोप म्हणान नाय. नाव घेव नको."

परशुरामाने नियमाप्रमाणे विचारलं, "तुमी गावचेच मा?"

त्या दिवशी जेवताना परशुराम खुशीत होता. माशाच्या कढीचा भुरका मारला, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे काय, की, कढी आज बरी झाली हा."

कावेरीने पळी खाली ठेवली. उठली, आत गेली आणि जुन्या लुगड्याची ती पट्टी घेऊन आली.

"तुमका गालगुंडां झाली," ती म्हणाली.

परशुरामाचा घास हातातच राहिला. त्याने पट्टीकडे बघितलं, मग आपल्या पोटावरच्या हाताकडे. "म्हणजे वैशाखात..."

"वैशाखात तुमी जेवता जेवता तीनदा पदराक हात पुसल्यात. तुमका पदर खंय आसा?"

"मगे तुका तेवापासून म्हायत होता? कोण ता?"

"माका कायेक म्हायत नाय," कावेरी म्हणाली. "मी कोणाचा नाव घेतलंय? तोंड मिटा बघू." आणि तिने हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली, या वेळी जरा सैल, कढी संपवता येईल इतपत.